शुक्रवारी चार वाजेपर्यंत

४ मे १९३६, सोमवार
विनीचा घरून फोन — बाबांच्या छातीत पुन्हा पाणी झालंय. डॉक्टर म्हणतात, आठवडा काढला तरी पुष्कळ. आणि पहिला विचार कसला आला? शुक्रवारच्या मतदानाचा! बहिणीजवळ बोललो नाही. इथे लिहितानाही लाज वाटते.

बाबांचा श्वास थांबला की त्याच क्षणी वारशाने मी लॉर्ड थॉर्नबेक. मग निवडून आलेल्यांच्या सभागृहातून बाहेर! जन्मभर वरच्या सभागृहात बसायचं, नको म्हणायचीही सोय नाही. खाणींतल्या धुळीने फुप्फुसं गेलेल्यांना भरपाई देणारं माझं विधेयक शुक्रवारी शेवटच्या मतदानाला आहे. मतं अगदी काठावर.

५ मे, मंगळवार
पट्टेवाला चिठ्ठी घेऊन माझ्याच रांगेकडे आला. मेलो! — चिठ्ठी शेजारच्या पेलमची निघाली. "काय रे, वडील कसे आहेत? म्हणजे, तू कसा आहेस?" तो म्हणाला. सगळी रांग हसली. मीही हसलो.

६ मे, बुधवार
सकाळच्या गाडीने घरी जाऊन आलो. बाबा उशांना टेकून बसलेले, ओठ निळसर. "माझ्या खाणींवर कायदा आणतोस?" म्हणाले. खाणी आमच्याच! तीस वर्षं वरच्या सभागृहात त्यांनी असले कायदे हाणून पाडले; या वेळी मात्र ते अंथरुणाला खिळलेले.

"हो, बाबा."

"गाढवा, वर माझ्या जागी येऊन बसलास की निदान सुखाने झोपशील. तिथे सगळे झोपतातच." हसता हसता खोकल्याची उबळ आली. बऱ्याच वेळाने विचारलं, "मतदान किती वाजता?"

"शुक्रवारी चारला."

त्यांचा हात धरून बसलो. मनात एकच — अजून दोन दिवस, बाबा. दोनच.

७ मे, गुरुवार
दोनदा फोन केला. विनी म्हणाली, "झोपलेत. तू तुझं काम कर." आवाज बसला होता तिचा. जागरणं!

८ मे, शुक्रवार
जिंकलो! एका मताने! बरोबरी झाली असती तर सभापतींनी रिवाजाप्रमाणे विधेयक पाडलंच असतं. माझ्या मतदारसंघातला खाणकामगार इडवल पग जिन्यावर धापा टाकत उभा होता. "माझ्यामागे आता बायकोची काळजी नाही, साहेब," म्हणाला आणि माझा हात सोडेचना.

पाच वाजता विनीचा फोन. "ये. बाबा गेले." ढसाढसा रडलो. आणि लिहूनच टाकतो — सुटलो असंही वाटलं. बाबांनी माझ्यासाठी तग धरला!

९ मे, शनिवार
बाबा गुरुवारी सकाळीच गेले होते. काल मत दिलं तेव्हा मी खासदार नव्हतोच.

"त्यांनीच शपथ घातली मला," विनी म्हणाली. "'त्याचं मत पडेपर्यंत मी जिवंत आहे असंच सांग.'"

डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यावर तारीख कोरी ठेवलीय. खाली थांबलेत. विनी दारात उभी आहे — "कुठला वार सांगू त्यांना?"