एक कप मध

३ मार्च
दादाला आज मी मारलं नाही, एवढंच! मधाचा केक पुन्हा कोरडा ठणठणीत. कोपऱ्यावरचे न्हावीकाका तुकडा परत घेऊन आले — "अगं, चहात बुडवला तरी घशाखाली उतरेना." आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर दादा म्हणतो, "आईचा हात आता बसत नाही. पुढच्या महिन्यापासून तिने घरीच बसावं."

आईचा हात? वजनकाटा कुणी आणला? भिंतीवर "पातळ पदार्थ : एक कप = २४० ग्रॅम" असा कागद कुणी डकवला? आईचा कप माळ्यावर कुणी टाकला? ती बिचारी याच्याच आकड्यांनी मोजतेय. नाचता येईना अंगण वाकडं!

आई साचे पुसत होती. या पायावरचा भार त्या पायावर घेत. जिने ही बेकरी उभी केली, तिला हा घरी बसवणार! बघतेच.

४ मार्च
सापडलं! माळ्यावरून कप काढला. कपाचं वजन वजा करून पाणी भरलं — २४०. मध भरला — ३४०! शहाण्याने पाण्याचं माप मधाला लावलंय. कपामागे शंभर ग्रॅम मध कमी, मग केक कोरडा नाही होणार तर काय!

दादाला दाखवलं. "एवढ्याने काय होतंय?" म्हणे. स्वतःची चूक आईच्या माथी मारताना बरं सुचतं सगळं!

५ मार्च
३४० ने केला. बाहेरून करपला, आत गचगचीत. दादा हसला! "झालं समाधान?"

मोरीत भांडी आपटली. एकाचा कान तुटला. तुटू दे.

७ मार्च
आज आईला ओढतच ओट्याशी आणलं. म्हटलं, तुझ्या कपाने, तुझ्या पद्धतीने कर.

"राहू दे गं."

"का राहू दे?"

"राहू दे म्हटलं ना." दादाला घाबरते, दुसरं काय! कप हातात कोंबला तिच्या.

तिने काठोकाठ मध भरला. पातेल्यात उपडा केला. धार बारीक झाली तशी कप बाजूला ठेवला. खरवडला नाही. कडांना, तळाला मध तसाच चिकटलेला. त्यात गरम पाणी ओतलं आणि उभ्या उभ्या पिऊन टाकलं. लहानपणापासून हेच बघत आलेय मी, आणि डोक्यात कधी प्रकाश पडला नाही! पातेलं काट्यावरच होतं. ३१२. कपात मावतो तो मध वेगळा, आणि कपातून पडतो तो वेगळा!

आईला मिठी मारली. ती नुसतीच माझ्याकडे बघत राहिली.

८ मार्च
जमला! मऊ, लालसर, अगदी पूर्वीसारखा. न्हावीकाकांनी दुकानातच दोन तुकडे संपवले.

दादासमोर त्याचा कागद टराटरा फाडला. "आता बोल, कुणाचा हात बसत नाही?" त्याची मान खाली. शेवटी पुटपुटला, "आई, चुकलं. तू नेहमीसारखी येत जा." आईने ओट्याचा आधार घेत साचे आवरायला घेतले. मी मात्र घरी येईपर्यंत त्याला बोलून घेतलं. मनसोक्त!

९ मार्च
सकाळी आईला बोलवायला गेले. पलंगाच्या कडेला बसून सुजलेल्या पायांना तेल चोळत होती. वर न बघताच म्हणाली, "मधाचा आकडा चुकलाय, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मुद्दाम बोलले नाही. पायांवर उभं राहवत नाही गं आता. तो बसवत होता, तू पुन्हा उभं केलंस."

आणि वाकून चपला शोधू लागली.