उद्या सकाळचे तिरुपतीचे विमान थांबविणेबाबत

प्रति,
मा. उड्डाण सुरक्षा अधिकारी,
विभागीय कार्यालय, नागपूर.

अर्जदार : कामिनी कवडू ठवकर, सहवैमानिक, रा. हुडकेश्वर, नागपूर.

विषय : शेपटीत पाणी साचल्याचा संशय असलेले नऊ आसनी विमान उद्या न उडविणेबाबत.
संदर्भ : पूर्वविदर्भ हवाई सेवा या कंपनीचे पत्र, 'जमिनीवर दोष आढळला नाही'.

महोदय,

१. अर्जदार ही सदर कंपनीत सहवैमानिक असून परवापासून तिला उड्डाणातून काढून घरी बसविले आहे. खंडेनवमीला कंपनीचे मालक, इतवारीतील भांड्यांचे ठोक व्यापारी श्री. ताराचंदजी यांनी विमानाची पूजा केली. पूजेआधी विमान मोटारी धुण्याच्या पंपाने चांगले दणकून धुतले. हार, नारळ, सगळे यथासांग झाले. शेपटीत पाणी शिरायला फटी पुष्कळ. निघायला मात्र खालची दोन बारीक भोकेच, आणि ती आतून बुजली असावीत असा अर्जदाराचा संशय आहे. बाहेरून तार घालून पाहिली, थेंब आला नाही, म्हणून पाणी नाहीच असे ठरले. शेपटी उघडून पाहायची तर विमान दोन दिवस उभे राहते, आणि दिवाळीचे बुकिंग आहे.

२. दसऱ्यानंतरच्या पहिल्याच उड्डाणात, उंचावर जिथे बाहेर शून्याखाली थंडी असते तिथे, विमानाचे नाक वर-खाली करणारा दांडा जड लागला. खाली येताच मोकळा झाला. कॅप्टन श्रीधर म्हणाले, होत असते. मग परतीच्या पावसात विमान उघड्यावरच भिजत राहिले. पुढच्या खेपेस दांडा जड नव्हे, गच्च झाला. नाक खाली गेले आणि जातच राहिले. मागे सहा माणसे होती. त्यांतली एक बाई पोराला बिस्किट भरवत होती. कॅप्टन साहेब एवढेच म्हणाले, "कामिनी, तू बी ओढ वं." दोघांनी मिळून ओढले, तेव्हा कुठे खालच्या गरम हवेत तो सुटला. शेपटीतल्या पाण्याचा वर बर्फ होऊन दांड्याला जोडलेला शेपटीचा भाग जखडतो, खाली त्याचे पुन्हा पाणी होते, आणि तपासणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

३. तपासणी भर दुपारी, ऑक्टोबरच्या उन्हात झाली. दांडा लोण्यासारखा फिरला. कंपनीने कळविले की दोष असेल तर तो जमिनीवर दाखवावा. नागपूरच्या उन्हात बर्फ कुठून आणून दाखवायचा, साहेब? म्हणून अर्जदाराने लेखी विनंती केली, की शेपटीचा हलणारा भाग सोडवून कळमन्याला संत्र्यांच्या शीतगृहात ठेवावा आणि मग हलवून पाहावा. त्यानंतर ऑफिसात शेपूट किती महिने टिकते, असे जो तो येऊन विचारू लागला.

४. पुढे असे ठरले, की दोष विमानात नसून बाईमाणसाच्या मनगटात आहे. अर्जदारास हाताची ताकद तपासायला पाठविले. ताकद उत्तम निघाली. मग दोष मनात आहे असे ठरले व समुपदेशनाची तारीख दिली. ती नेमकी उद्याचीच. अर्जदाराच्या जागी सहवैमानिक म्हणून श्री. हर्षित यांना घेतले. ते रोज व्यायामशाळेत जातात, हे कारण कंपनीने मोकळेपणी सांगितले. माणूस भला आहे. मागच्या खेपेला काय झाले हे त्यांना कोणी सांगितलेले नाही, आणि अर्जदाराचा फोन घ्यायचा नाही अशी त्यांना ताकीद आहे.

५. उद्या याच विमानाने ताराचंदजींच्या घरचीच मंडळी तिरुपतीला निघाली आहेत. त्यांची नात काजल हिने खिडकीची जागा आधीच मागून घेतली आहे. यावरून मालकांच्या मनात खोट नाही हे अर्जदार जाणते. पूजा झालेल्या विमानाला काही होत नाही, असे त्यांना मनापासून वाटते. अर्जदारास याचीच जास्त भीती वाटते.

६. कॅप्टन श्रीधर यांनी 'असा प्रसंग घडलाच नाही' असे लिहून दिले आहे. त्यांची निवृत्ती तोंडावर आली आहे, आणि उद्याचे विमानही तेच नेणार आहेत. अर्जदाराचा त्यांच्यावर राग नाही. परंतु काल संध्याकाळी त्यांचा फोन आला. त्यांनी विचारले, "तवा ओढताना तू पाय कुठं टेकवला होता वं?" अर्जदाराने सांगितले. बरं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तरी उद्या विमान थांबवून शेपटी उघडविण्याची कृपा व्हावी. पाणी निघाले नाही, तर अर्जदार स्वतःचा परवाना आपल्या टेबलावर आणून ठेवेल. आणि काही कारणाने विमान थांबविणे होतच नसेल, तर समुपदेशन पुढे ढकलून निदान सहवैमानिकाच्या उजव्या आसनावर तरी अर्जदारास बसविण्याचा आदेश व्हावा. त्या दांड्याला दोन माणसे लागतात, आणि पाय कुठे टेकवायचा हे तिला माहीत आहे.

आपली नम्र,
व उद्या सकाळी गणवेशात विमानतळाच्या फाटकाशी उभी असणारी,

(सही)
कामिनी कवडू ठवकर
नागपूर, दि. १६ ऑक्टोबर २०२५

सोबत : १) हाताच्या ताकदीचा वैद्यकीय अहवाल.
२) शीतगृहाबाबतच्या विनंतीची प्रत, कोणीतरी वर संत्र्याचे चित्र काढून परत केलेली.