छपराला चिकटलेला डावा हात

तीर्थरूप वहिनींना साष्टांग नमस्कार. खरं म्हणजे साडेसातच अंगांनी, कारण उजवा हात अजून पुरता आपल्यात आलेला नाही. तुमची पाठ आता कशी आहे? दिवसभर हॉस्पिटलात दुसऱ्यांचे हातपाय हलते करता, तेव्हा स्वतःच्या पाठीला कोण विचारतंय, हे मला ठाऊक आहे. दादालाही नमस्कार सांगा. पत्र मी सांगतोय आणि लिहितेय तुमची धाकटी जाऊ, त्यामुळे कंसात जे काही येईल ते माझं समजू नये. (बरोबर. कंसात मी आहे.)

तुम्ही पाठवलेलं खोकं पोचलं तेव्हा मी चेंडू दाबत बसलो होतो. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर डॉक्टरांनी दिलेला तो रबरी चेंडू. इतके महिने दाबून चेंडूची तब्येत सुधारली, हाताची नाही. माझ्या सलूनचं शटर बंदच होतं. जुनी गिऱ्हाइकं रस्त्यात भेटायची, प्रेमाने चौकशी करायची आणि माझ्या हाताकडे बघता बघता नकळत स्वतःचा कान चाचपायची. मी मनावर घेत नव्हतो. (घेत होते. दोन दोन दिवस बोलायचे नाहीत.) अशात तुमचं खोकं आलं आणि वर चिठ्ठी, की दादाच्या टेबलावरच्या खेळण्यातल्या आगगाडीला स्टेशन नाही, तेवढं उजव्या हाताने बांधून द्या. मला वाटलं, माणूस आजारी पडला की घरचे त्याला लहान मूल समजतात. रागाने खोकं कपाटावर ठेवलं. (तासाभराने स्टूल घेऊन काढलंही.)

वहिनी, त्या खोक्यात स्टेशन नव्हतंच. होता तो स्टेशनचा चुरा. प्लॅस्टिकच्या चौकटींत अडकलेल्या भिंती, तांदळाएवढ्या खिडक्या, दिव्यांचे खांब, आणि सोबत एक कागद, ज्यावर अक्षर एकही नाही, नुसते बाण. त्या बाणांच्या मागे लागून मी पहिल्याच दिवशी प्रतीक्षालयाची भिंत उलटी बसवली. दार उघडलं की प्रवासी थेट संडासात. ती सोडवायला गेलो तर तिकीटखिडकी तुटली. स्टेशनमास्तर तर हरवलाच. सगळं घर झाडून झालं, सोफा हलवला, आणि मी औषधाच्या दुकानात गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, “काका, तुमच्या कोपराला चिकटून कोणीतरी उभं आहे.” शिट्टी तोंडात धरून तो माझ्याबरोबर अर्धं गाव फिरून आला होता.

आता मुख्य गोष्ट. छप्पर बसवायचं होतं. हिने बजावलं होतं की झटपट चिकटणारा गोंद वापरू नका. (तीनदा.) पण ती बाजारात गेली होती आणि मला घाई. डाव्या हाताने छप्पर दाबून धरलं आणि बरंच दाबून धरलं. सोडायला गेलो तर सुटेना. चार बोटं आणि तळवा, सगळं स्टेशनला पक्कं. (वहिनी, सगळं काम ह्यांनी डाव्याच हाताने चालवलं होतं. उजवा नुसता मांडीवर ठेवलेला. हे ते सांगणार नाहीत.) आणि तेवढ्यात फलाटावरचा दिव्याचा खांब, नुकताच लावलेला, हळूहळू कलायला लागला. मी बघतोय. डावा हात अडकलेला. खांब आणखी कलला. आणि वहिनी, मी काही ठरवलं नाही, देवाशपथ ठरवलं नाही, पण उजवा हात उठला, अंगठा आणि बोट जवळ आलं आणि त्यांनी तो काडीएवढा खांब धरला. नीट धरला. कात्री धरतो तसा. गोंद वाळेपर्यंत धरून ठेवला.

ही घरी आली तेव्हा मी स्टेशनला चिकटलेला आणि ढसाढसा रडतोय. तिच्या हातातली पिशवी पडली. तिला वाटलं, पुन्हा झटका. मी म्हणालो, “अगं, खांब बघ.” ती म्हणाली, “खांब गेला खड्ड्यात, तोंड वाकडं झालंय का ते दाखवा.” मग मी उजव्या हाताने तिचा पदर धरून दाखवला. ती मटकन खालीच बसली. नंतर खालच्या मजल्यावरच्या बाईंकडून नखांचा रंग काढायचं औषध आणून तिने माझं एकेक बोट सोडवलं. छपरावर माझ्या तळव्याचा ठसा राहिला आहे. दादाला म्हणावं, पाऊस झिरपणार नाही.

वहिनी, चेंडू दाबा म्हणून सगळ्यांनी सांगितलं. कशासाठी दाबायचा, ते फक्त तुम्ही शोधून दिलंत. तुमचे आभार कसे मानावेत, मला कळत नाही. नंतरचं सगळं उजव्या हाताने केलं, बाकंसुद्धा. आता रोज कात्री घेऊन वर्तमानपत्राच्या कडा कापतो. सरळ कापल्या जातात. (जवळजवळ.) हात आता अगदी पूर्वीसारखा झाला आहे, असं समजायला हरकत नाही.

तुमचा धाकटा दीर

ता. क. (जाऊबाई, पूर्वीसारखा वगैरे काही नाही. काल चहाचा कप सांडला. पण शिट्टी वाजवत सांडला, म्हणून मी रागावले नाही. कात्री हातात घेतल्यापासून मात्र मी ह्यांच्यासमोर डोक्यावरून पदर घेऊनच वावरते. तुमच्यामुळे घरात पुन्हा आवाज आला. देव तुमचं भलं करो.)

ता. क. दुसरा. वहिनी, ही ओळ मी माझ्या हाताने लिहितोय, तेव्हा अक्षराला हसू नका. स्टेशन पार्सलने पाठवत नाही, मोडेल. न्यायला दादालाच पाठवा. तोपर्यंत त्याने कुठेही केस कापून घेऊ नयेत. का, ते त्याला सांगू नका.