बारापर्यंत कोरडं

शुक्रवार, ३ एप्रिल
वसतिगृह ईस्टरसाठी बंद झालं आणि माझी वरात ओतिलिए बाईंच्या घरी आली. इथे चेकमध्ये, ओलोमोउत्समध्ये सप्टेंबरपासून शिकतेय, पण नदीकाठी राहायचं भाग्य आज लाभलं. खोली पोटमाळ्यावर, खिडकीखाली अंगण, पलीकडे नदी. बाईंनी बूट दारातच काढायला लावले, घरातल्या सपाता पुढे केल्या आणि पोलंडमध्ये पोरींना जेवायला घालत नाहीत का, असं तोंडावर विचारलं. मला त्या एकदम आवडल्या.

उद्या दोब्रावा येतेय. धाकटी बहीण, अठराची, जीभ मात्र अठ्ठावीसची. बोगू, तिला काही झालं तर घरी येऊ नकोस, असं आईने मला फोनवर बजावलंय.

बाईंचा भाचा बोहुश स्वयंपाकघरात सोमवारचा चाबूक विणत बसला होता, वाळुंजाच्या ओल्या फोकांची वेणी घालून. सोमवारी पुरुष घरोघरी जाऊन बायकांच्या पोटऱ्यांवर हलके फटके देतात आणि रंगवलेलं अंडं घेऊन जातात. फटका चुकला तर बाई वर्षभरात वाळते म्हणे. मी म्हटलं, आमच्याकडे त्या दिवशी पाणी ओततात, निदान दुखत तरी नाही. तो म्हणाला, इथेही बायका ओततात की, पण दुपारी बारानंतर. तोवर आमचं राज्य!

फोका कुठल्या झाडाच्या, बाईंनी विचारलं. पुलापलीकडच्या, तो म्हणाला, आणि मला डोळा मारला.

शनिवार
दोब्रा आली ती बादली घेऊनच. नवीकोरी, पिवळी. अख्ख्या गाडीने तिच्याकडे वळून पाहिलं म्हणे. दिवसभर बाईंबरोबर अंडी रंगवली, केकचं कोकरू भाजलं. साच्यातून काढताना कोकराचा कान तुटला. दोब्राने तो लगेच खाल्ला.

मग बाईंनी खिडकीतून अंगणाच्या टोकाचं वाळुंज दाखवलं. त्याखाली त्यांच्या आजीची बहीण आहे. एका ईस्टरला प्यालेल्या पोरांनी तिला चाबकांनी मारमारून संपवलं. ती पाणी मागत होती, पण बारा वाजायचेत म्हणून ती पोरं हसत राहिली. लाजेपायी घरच्यांनी काठावरच पुरलं. ते झाड कुणी लावलेलं नाही. त्याची फांदी कुणी तोडत नाही.

रविवार
चर्चहून येताना त्या झाडाजवळून आले. खोडावर ताजे, पांढरे काप.

बोहुशला गाठलं. तो हात जोडायला लागला. पुलापर्यंत कोण चालत जाणार? मावशीच्या भाकडकथा तू कशाला मनावर घेतेस? तिला सांगू नकोस, जीव घेईल माझा. मी नाही सांगितलं. परक्या घरात चहाडी कशाला करायची. दोब्राला मात्र बारा वाजेपर्यंत बादली खाली ठेव म्हणून दटावलं. ती नाक उडवत म्हणाली, आपल्याकडे तर पहाटेच बारा वाजतात.

सोमवार, सकाळ
झालं ते लिहून ठेवतेय.

बोहुश गाणं म्हणत अंगणात आला. मी अंडं घेऊन दारात उभी. आणि वरून, पोटमाळ्याच्या खिडकीतून, दोब्राने सगळी बादली त्याच्या डोक्यावर रिकामी केली. तो हसला. मग त्याचं हसू गेलं. चाबूक त्याला ओढत होता. जिन्यावरून वर — मला धरा, धरा मला, असं ओरडत तो दोब्रावर तुटून पडला. पाठ, पाय, तोंड. तिचा कान फाटला. मी त्याच्या दंडाला लोंबकळले. तो रडत होता, सुटत नाही गं, हातातून सुटत नाही. फोका त्याच्या तळव्यातून आरपार गेल्या होत्या.

बाई सरपणाची कुऱ्हाड घेऊन आल्या. त्याचं मनगट उंबऱ्यावर दाबलं. पहिल्या घावाला तुटलं नाही.

दुसऱ्याला तुटलं. हात जिन्यात पडला. अजून मारतोय. पायऱ्यांना.

नंतर
मी आणि दोब्रा खोलीत, आतून कडी. बाईंनी बोहुशचं मनगट बांधून त्याला खाली नेलंय. रुग्णवाहिका निघालीय. बाईंनी दाराबाहेरून सांगितलं — बारापर्यंत एक थेंब नाही. कितीही मागू दे. बारा वाजले की ते वाळतं.

दोब्राच्या वळांमधून कोंब येतायत. हिरवे. एक उपटला. मुळाबरोबर मांस आलं. पुन्हा नाही उपटणार.

ती पाणी मागतेय. लहानपणी तापात मागायची तसं. बोगू, एकच घोट. मी कानात बोटं घातली. आईचा फोन वाजतोय.

जिन्यात फटके. जवळ.

अजून बारा वाजायचेत
नाही दिलं. एक थेंबही नाही. कोंब मान टाकतायत, खरंच, पानं मिटतायत — दोब्रा झोपलीय, श्वास नीट चाललाय — वाचली, आई, वाचली —

टेबलावर ट्युलिपची फुलदाणी होती. आता आडवी आहे. रिकामी. दोब्राचे ओठ कोरडे आहेत.

माझे ओले.

कधी प्यायले? दंडाला लोंबकळले तेव्हा मलाही एक बसला होता, पोटरीवर. विसरलेच. मोज्यात काहीतरी हलतंय — मोजा फाटला —

पाय फळीत रुजलाय. उचलत नाही. तहान, किती तहान —

दोब्रा, उठलीस की हे वाच. कडी काढू नकोस. बारा वाजेपर्यंत मी कितीही मागितलं, आईची शपथ घातली, तरी मला —