आधी घरचं वजन

शिरूर,
ता. ३० सप्टेंबर १९७३

चि. सौ. सगुणा हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

काल तुमचं इंजिन वर्कशॉपमधून ट्रकवर चढवून दिलं. पुण्यावरून फिरून यवतला उतरेल, तिथं पोपटरावांनी बैलगाडी घेऊन यावं. सरळ भीमा ओलांडली असती तर दुपारच्या जेवणाला तुझ्या दारात पोचलं असतं. पण नदी ओलांडायला होडी लागते आणि होडीला हेच इंजिन लागतं. हसावं की रडावं, तूच सांग.

पिस्टन, रिंगा, लायनर, सगळं नवं घातलंय. श्रावणात शेवाळानं पाण्याची नळी तुंबली, इंजिन तापलं आणि भर धारेत जाम झालं, म्हणून नळीच्या तोंडाला या वेळी मी जाळी बसवली आहे. होडीतून आक्काबाई वाहून गेल्या, त्या काही परत येणार नाहीत. पण तसं पुन्हा होऊ नये, एवढाच विचार करून मी एकेक नट आवळला.

पोपटरावांना सांग, इंजिन रुळेपर्यंत जपायचं. पहिल्या दिवशी चार माणसं, हळू. मग रोज थोडं वजन वाढवायचं, मध्ये गार होऊ द्यायचं, ऑइल बदलायचं. तू नवी सून होतीस तेव्हा तुझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी पायलीभर ज्वारी दळायला घातली होती, तसं करू नका. हे त्यांना वाचून दाखवू नकोस.

जाईला पापा. लोभ आहेच, तो तसाच असू दे.

तुझा दादा,
साहेबराव


होडीघाट, भीमाकाठ, ता. दौंड,
ता. १० ऑक्टोबर १९७३

ती. दादांस,
सगुणाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

इंजिन सुखरूप आलं. सासूबाईंची ओळ मी गाळून वाचली, पण माझ्या हसण्यावरून त्यांनी ओळखलंच.

दसऱ्याला इंजिनाला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. पहिल्या हँडलला सुरू झालं. सगळं गाव घाटावर आलं होतं. खोबरं खाल्लं, हात धुतले आणि आपापल्या घरी गेलं. होडीत कुणी पाय ठेवला नाही. आक्काबाईंचे मालक सोपानराव बाभळीखाली उभे होते, ते खोबरं न घेताच गेले.

हे रोज सकाळ-संध्याकाळ इंजिन चालवतात. फार जपतात. त्यावर हात ठेवून बसतात आणि जरा कोमट लागलं की बंद करतात. धूर निळसर येतो, धुराड्यातून ऑइलही गळतं. रोज वाटीभर घालावं लागतं. नव्याचं असंच असतं, असं हे म्हणतात.

दादा, खरं सांगते. चुलीपाशी बसले की घाटावरची धडधड ऐकू येते. ती थांबली की मी हातातलं काम टाकून उठते. त्या दिवशीही आवाज असाच थांबला होता आणि मी पीठ मळत बसले होते. आता रोज दोनदा थांबतो. हे घरी येऊन उंबऱ्यात दिसेपर्यंत मी पुन्हा खाली बसत नाही.

वहिनींना नमस्कार. आमची आठवण ठेवावी.

तुमची,
सगुणा


शिरूर,
ता. १४ ऑक्टोबर १९७३

चि. सौ. सगुणास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. निळा धूर, ऑइल पितंय, हे काही नव्याचं लक्षण नव्हे. मला एवढंच कळव, की इंजिन चालतं तेव्हा होडी कुठं जाते? तिच्यात कोण असतं? खुंट्याची दोरी पोपटराव सोडतात का?

हे नीट समजून घे. पिस्टनच्या नव्या रिंगा आणि सिलिंडरच्या आतला नवा लायनर एकमेकांवर घासून बसतात ते वजन ओढतानाच. रिकामं चालवलं तर लायनर नुसता गुळगुळीत होतो, ऑइल वर चढतं आणि जोर मरतो. रिकामं जातं फिरवू नये म्हणतात ना, तसंच. आणखी काही दिवस असंच चाललं तर ज्या गोष्टीला तुम्ही भिताय तीच होईल, भर धारेत ते पुन्हा दम सोडेल. मला आतापासूनच भीती वाटते आहे.

वजन घाला. माणसं येत नसतील तर वाळूची पोती घाला, पण घाला. लगेच उत्तर पाठव.

दादा


होडीघाट,
ता. १८ ऑक्टोबर १९७३

ती. दादांस सा. नमस्कार.

तुम्ही बरोबर ओळखलंत. दोरी एकदाही सुटलेली नाही. मी विचारलं तर हे खाली मान घालून म्हणाले, की गाठीला हात लावला की आक्काबाईंचा हात आठवतो. ह्यांच्या हातातून सुटलेला. दादा, सोळा वर्षांचे असल्यापासून वल्हं मारणारा माणूस, मला त्यांच्याकडे बघवेना.

पोत्यांचं सांगितलं तर सासूबाई भडकल्या. त्यांचं म्हणणं, की वाळू बसवली तर गाव म्हणंल, ह्यांच्या होडीत बसायला वाळूच तेवढी राजी हाय. आमच्या घरची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. नवी होडी असो की नवं इंजिन, पहिल्या फेरीला घरचं वजन बसवायचं, मग गाव बसतं. ह्यांच्या आजोबांपासून चालत आलंय.

घरचं वजन म्हणजे सासूबाई, मी आणि जाई. मी म्हटलं, जाईला शेजारच्या सिंधूबाईकडे ठेवते. तर म्हणाल्या, की कोण बसलं ते गाव बघत न्हाई, कुणाला मागं ठिवलं ते बघतंय.

त्या खोटं बोलत नाहीत, म्हणून तर मला जास्त भीती वाटते. पाच वर्षांची पोर आहे हो. इंजिन तुमच्या हातचं आहे. तुम्हीच सांगा, जाईला बसवू का?

सगुणा


शिरूर,
ता. २२ ऑक्टोबर १९७३

चि. सौ. सगुणास आशीर्वाद.

फिटर म्हणून विचारशील तर बसव. जाळी बसवली आहे, इंजिन धड आहे, फक्त त्याला काम दिलेलं नाही. मामा म्हणून विचारशील तर बसवू नकोस. दोन्ही मीच आहे आणि दोघांचं पटत नाही. काल दुसऱ्याच एका इंजिनाचा एकच नट तीनदा आवळला, तर वर्कशॉपच्या मिस्त्रींनी मला घरी पाठवलं.

तू थांब. भाऊबीजेला मी येतो. आधी माझं वजन घ्या. मी बुडालो तर निदान इंजिन कुणी बांधलं होतं याची चौकशी करावी लागणार नाही.

पोपटरावांना सांग, मी त्यांच्यावर रागावलेलो नाही.

तुझा,
दादा


पैलतीर, ता. शिरूर,
ता. २५ ऑक्टोबर १९७३

ती. दादांस,
सगुणाचा नमस्कार.

वरचा तालुका पुन्हा वाचा. मी तुमच्या काठावर आहे.

तुमचं पत्र काल आलं. पण तुम्ही माहेरचे, म्हणजे पाहुणे. पाहुण्याला आधी बसवून आपण काठावर उभं राहायचं, असं आमच्यात कुणी केलेलं नाही. म्हणून थांबले नाही.

दोरीची गाठ पाण्यानं फुगून दगड झाली होती. ह्यांचे हात चालेनात. शेवटी सासूबाईंनी कमरेचा विळा काढला आणि दोरी कापली. काठावर सगळं गाव होतं. मी जाईला पदरानं कमरेशी बांधलं होतं. सासूबाईंनी बघितलं आणि त्या जाईला लागून बसल्या.

भर धारेत आवाज बदलला. मी डोळे मिटले. वाटलं, संपलं. जाईला इतकं आवळलं की ती रडायला लागली. मग कळलं, की आवाज थांबला नव्हता, जड झाला होता. ह्यांनी इंजिनाला जोर दिला होता. पहिल्यांदाच. डोळे उघडले तर धूर विरळ झाला होता आणि हे माझ्याकडे नाही, समोर बघत होते.

काठाला लागलो तर इंजिनाचा आवाज ऐकून आलेले सोपानराव उभे. लेकीकडे आले होते, आता आठवड्याच्या बाजाराचं सामान घेऊन पुण्यावरून फिरून जाणार होते. त्यांना बघून ह्यांनी मान खाली घातली. सोपानरावांनी होडीत कोण कोण आहे ते बघितलं. जाईकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग पिशवी आत ठेवली आणि आक्काबाई बसायच्या त्या फळीवर जाऊन बसले. दिवस हाय तवर निघू, एवढंच म्हणाले.

मी दुकानात उभी राहून हे लिहिते आहे, इथं टपालपेटी आहे. अक्षर हलतंय, सांभाळून वाचा. परत जायची भीती गेलेली नाही, पण जाईला आता पदरात बांधणार नाही. ती सोपानरावांच्या मांडीवर जाऊन बसली आहे.

भाऊबीजेला पुण्यावरून येऊ नका. याच काठावर उभे राहून हाक मारा. इंजिन तिकडे चालूच ठेवलंय, त्याचा आवाज ऐकत लिहिते आहे. आता निघते.

लोभ आहे तो वाढता असू द्या, आमचं इंजिन अजून रुळायचंय.

तुमची,
सगुणा