शेळीला उडी मारता येते का?

लाडक्या एल्मर,

ओहायोहून थोरल्या बहिणीचा आशीर्वाद घे. खोकला कसा आहे? कोंबड्यांना दाणे वेळेवर घालतोस ना?

अरे, माझ्या नातवाने, आपल्या ड्वेनने, फुटबॉलची मॅच जिंकून दिली! तू नेहमी हिणवतोस, "पुढची पाच धिप्पाड पोरं समोरच्यांना ढकलून वाट करून देतात, ड्वेन नुसता चेंडू हातात घेऊन मागून पळतो. त्या वाटेने माझी शेळीसुद्धा पळेल." तर ऐक. शेवटच्या मिनिटाला ते पाचही जण आडवे झाले, वाटच उरली नाही. हा पठ्ठ्या चेंडू छातीशी धरून सगळ्यांच्या वरून उडाला, तो थेट गोलरेषेपलीकडे! मी इतकी ओरडले की कवळी हातात आली.

मग मी बसमधून मांडीवर सांभाळून आणलेला पीचचा केक त्याने त्या पाचांनाच वाढला. मला राग आला. त्यांच्यातला बुकर खाता खाता म्हणाला, "आजी, आज सगळं त्याचंच. आम्ही तर पडलो होतो."

ड्वेन गुडघ्यावर बर्फ धरून हसला. (सूज थोडीच आहे, त्याच्या आईला सांगू नकोस.) म्हणाला, "पण पडताना प्रत्येकाने समोरच्यालाही खाली घेतलं, आजी. ते समोरचे उभे असते तर मी उडालो असतो का?"

उद्या त्या पाचांसाठी पाच केक भाजणार आहे. तुझं अर्धं खरं, बाबा. उरलेल्या अर्ध्यासाठी शेळीला उडी मारायला शिकव.

तुझीच,
लव्हिनिया