उंबऱ्याखालच्या सात नळ्या

प्रिय ज्ञानेश्वरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच ठेवून देशील असं वाटलं, म्हणून दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा उठलो. तुझा पत्ता तुझी मैत्रीण शिवकन्या हिच्याकडून घेतला. तिनं तो लिहून दिला. कशाला पाहिजे, हे विचारलं नाही.

इथं सगळं ठीक आहे. सकाळी भाकरी करतो, ती कधी फुगते, कधी नाही. कारखान्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ढोकीचा भोंगा ऐकू आला की हात डबा शोधतो. तुझी आई गेल्यावर सुरुवातीला चारदोन माणसं चहाला यायची, आता त्यांनाही त्यांची कामं आहेत.

दिवाळीनंतर बोअरपासून घरात येणारी लोखंडी पाइपलाइन कुठंतरी फुटली. तू बालवाडीत होतीस तेव्हा ती मीच पुरली होती, पण कुठून नेली ते आठवेना. माझ्याबरोबर वर्कशॉपला सोमलिंग होता, त्यानं मोबाइलवरून जमिनीतला धातू शोधायचं यंत्र मागवलेलं. निजामाच्या काळातली नाणी मिळतील म्हणून त्यानं दोन महिने रान तुडवलं आणि बैलांच्या खुरांना ठोकतात त्या पत्र्या तेवढ्या गोळा केल्या. कंटाळून ते यंत्र त्यानं मला आणून दिलं. लांब दांड्याला खाली ताटली बसवावी तसं दिसतं. खाली धातू असला की वाजतं.

पाइपलाइन पहिल्याच दिवशी सापडली. पण यंत्र मी परत केलं नाही. खरं सांगतो, दिवस-दिवस या घरात आवाज नसतो. ते वाजलं की कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटायचं. मग रोज सकाळी अंगणाचा एकेक तुकडा घ्यायचो. काय काय निघालं. माझाच हरवलेला पाना, बैलाच्या गळ्यातलं घुंगरू, तुझ्या कंपासपेटीचं गंजलेलं झाकण. आतल्या बाजूला खिळ्यानं कोरलेला 'ज्ञा' अजून वाचता येतो. प्रत्येक वस्तू धुऊन मी ओसरीवर मांडून ठेवायचो.

मागच्या महिन्यात यंत्र दारातल्या पायरीवर वाजलं. पायरीचा दगड सैल होता. पहारीनं उचलला तर खाली, उंबऱ्याला लागून, तांब्याच्या सात नळ्या. बोटाच्या पेराएवढ्या, दोन्ही तोंडं मेणानं बंद. पस्तीस वर्षं फिटर म्हणून काम केलं, पण असला भाग मी कधी पाहिला नव्हता. स्टोव्हचा म्हणावा तर आटे नाहीत, सायकलचा म्हणावा तर भोक नाही. सोमलिंगनं लांबूनच बघितलं आणि म्हणाला, "बब्रुवान, हात लावू नको. विहिरीच्या सुरुंगाच्या टोप्या असतील. एका झटक्यात बोटं जातील." दोन दिवस मी मागच्या दारानं ये-जा केली.

शेवटी मोबाइलवर फोटो काढला आणि एसटीनं तेरखेड्याला गेलो. तिथं फटाक्यांच्या कामात आयुष्य गेलेला गौरीशंकर आहे, सोमलिंगच्या ओळखीचा. त्यानं फोटो मोठा करून करून पाहिला. "ही दारू न्हाय," म्हणाला. "सुरुंगाच्या टोपीला वायरी असत्यात, न्हायतर एक तोंड उघडं असतंय वातीसाठी. ह्यो ताईत वाटतोय मला. धाराशिवला दर्ग्याजवळ दाखवा."

दुसऱ्या दिवशी सातही नळ्या रुमालात बांधून धाराशिवला गेलो. दर्ग्याच्या वाटेवर एक म्हातारे चाचा ताईत विकत बसतात. त्यांनी एक नळी हातावर घेतली, मेणावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ये तो मेरे हाथ का है. ढोकीकडच्या एक बाई यायच्या. दरसाल, पोळ्याच्या आधी. हिरवी पिशवी असायची. गेल्या साली आल्या नाहीत." मी म्हटलं, त्या वारल्या. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली.

ज्ञानेश्वरी, तुझी आई दरसाल पोळ्याच्या आधी डोळे दाखवायला धाराशिवला जायची. इतक्यांदा डोळे दाखवून चष्मा कसा लागला नाही, हे मी कधी विचारलं नाही.

मला वाटलं, आत तुझं नाव असणार. तू परत यावीस म्हणून केलं असणार. मीच चाचांना एक नळी उघडायला लावली. आतून चिठ्ठीची बारीक गुंडाळी निघाली. त्यांनी ती उलगडून वाचली, "बब्रुवान, हरणाबाईचा मुलगा." ताइतात माणसाचं नाव आईच्या नावासकट घालतात म्हणे. मी विचारलं, हे कशासाठी? ते म्हणाले, "राग उतरावा म्हणून. बाई सांगायच्या, मालक माणूस चांगला आहे, पण पोरीवरचा राग जात नाही. ज्याच्यासाठी असतो त्यानं रोज ओलांडावा, म्हणून उंबऱ्याखाली."

उरलेल्या सहा मी उघडल्या नाहीत. परत येताना त्या मांडीवर होत्या. तू अमरसिंहांशी लग्न करून आलीस तेव्हा ज्या उंबऱ्यावर उभं राहून मी तुला 'पुन्हा इथं पाय ठेवू नकोस' म्हणालो, त्याच्याखाली ती दरवर्षी एक नळी पुरत होती, आणि मी रोज चारदा त्यावरून येत-जात होतो. सात वर्षं माझ्यासमोर बसून तिनं मला जेवायला वाढलं. तुझं नाव काढलं नाही. मी समजत होतो, तिलाही माझं पटलंय. माझ्याशी बोलायला ती इतकी भीत होती, हे मला जमीन उकरून कळलं. असा मी होतो.

ताइतानं काही होतं का, मला माहीत नाही. राग कधी गेला तेही सांगता येत नाही. तो केव्हाच गेला असेल आणि मी नुसता हट्ट धरून बसलो असेन.

पुढच्या महिन्यात, अठरा तारखेला, तिचं वर्षश्राद्ध आहे. तिला नेलं त्या दिवशी तू रस्त्यापलीकडं लिंबाखाली उभी होतीस, कडेवर पोरगी होती. मी तुला पाहिलं होतं. तूही पाहिलंस की मी पाहिलं. मी मान फिरवली. तुझ्या आईचं तोंड तुला बघू दिलं नाही, याची माफी मागायलाच हे पत्र लिहितोय, आणि ती मागायची कशी ते अजूनही येत नाही. पोरीचं नाव आरोही आहे, हे शिवकन्येनं सांगितलं. तिला आणि अमरसिंहांना घेऊन ये. आली नाहीस तरी तुझं चूक म्हणणार नाही. आलीस तर लिंबाखाली थांबू नकोस. मीच रस्ता ओलांडून तुला घ्यायला येईन.

तुझाच,
अण्णा